मागे राहिलेलं सामान

१९१७ साली ब्युनॉस आयर्समध्ये कार्लोस गार्देल या गायकानं एक गाणं ध्वनिमुद्रित केलं. 'मी नोचे त्रिस्ते', म्हणजे माझी उदास रात्र. शब्द पास्कुआल कॉन्तुर्सीचे. टँगोला त्याआधीही शब्द होते, पण ते बहुतेक नाचापुरते. ताटातुटीची गोष्ट सांगणारा टँगो या गाण्यापासून सुरू झाला असं तिकडे मानतात. बाई सोडून गेली आहे. मागे राहिलेला पुरुष आकांत करत नाही. तो खोलीतलं सामान बघतो. कपाटातली गिटार, आरसा, दिवा, रात्री उघडंच राहणारं दार.

त्या शहरात तेव्हा जवळजवळ निम्मी माणसं परदेशात जन्मलेली होती. इटलीतून, स्पेनमधून आलेले पुरुष दाटीवाटीच्या चाळींत राहायचे, आया-बायका समुद्रापलीकडे.

नगर जिल्ह्याला समुद्र नाही. पण पाऊस हुलकावणी देतो आणि घरातलं कुणी ना कुणी कायम बाहेर असतं. कधी मोहिमेवर, कधी मुंबईला, कधी उसाला. ते गाणं ऐकल्यापासून आमच्याकडच्या विरहाचं सामान मी आठवते आहे. आठवेल तसं लिहून ठेवलं. क्रम लावला नाही.

जातं. आमचं अंगणात पडलंय. वरची तळी तुळशीजवळ, खालची पन्हळीखाली. पावसाळ्यात तिच्यात पाणी साचतं आणि चिमण्या येतात. खुंटा केव्हाच गेला. टाकी लावणाऱ्या बाया वर्षाकाठी यायच्या, छिन्नीनं दगड पुन्हा खरखरीत करून द्यायच्या, पायलीभर धान्य घेऊन जायच्या. गावात पिठाची गिरणी आली आणि त्या यायच्या बंद झाल्या.

पहाटे दोघी समोरासमोर बसत. एकीनं मुठीनं वैरण घालायची, खुंट्यावर दोघींचे हात. आजी म्हणायची, ओवी आठवावी लागत नाही, दगड फिरला की ती येते. दगड थांबवून "म्हणून दाखव" म्हटलं की तिला खरंच काही आठवायचं नाही. एकदा मी हट्टानं रिकामंच जातं फिरवायला लावलं. दोन फेऱ्यांत ओठ हलायला लागले.

हेमा राईरकर आणि गी पॉइतव्हाँ यांनी गावोगाव फिरून अशा लाखावर ओव्या उतरवून घेतल्या. त्या वाचताना जाणवतं की भाऊ जितका येतो तितका नवरा येत नाही. सीता येते, तिचा वनवास येतो, आई येते. दुःख सासरचं आणि सुटका माहेरची. ओवीतली बाई पळून जाते ती प्रियकराकडे नाही, आईच्या दारात.

मुऱ्हाळी. सणाला लेकीला माहेरी न्यायला येणारा भाऊ. बैलगाडी, घुंगरं, गाडीत अंथरलेली घोंगडी. ओव्यांमध्ये तो इतक्या वेळा येतो की वाटावं, बायकांनी आयुष्यभर दुसऱ्या कुणाची वाटच पाहिली नाही. आता भाऊ फोन करतो, आणि लेक एसटीनं आपली आपण येते. तिचं बरंच झालं. तरी हा शब्द माझ्या भाचीला समजावून सांगावा लागला.

डफ. संगमनेरचे अनंत फंदी, जन्म १७४४, मृत्यू १८१९. लावण्या, पोवाडे, फटके, सगळं रचलं. तो काळ मोहिमांचा. दसऱ्याला सीमोल्लंघन झालं की घोडेस्वार गेला, आणि तो पुढच्या पावसाळ्यापर्यंत येईल की नाही हे त्याच्या बायकोला माहीत नसायचं. पेशवाईतल्या विरहाच्या लावणीच्या मागे ही रिकामी घरं आहेत. ती नुसती शृंगाराची हौस नाही. १७९५ ची खर्ड्याची लढाई तर आमच्याच जिल्ह्यात झाली, जामखेड तालुक्यात. फंदींनी तिचा पोवाडा रचला.

त्याच तालुक्यात चौंडी. १७२५ साली अहिल्याबाई तिथे जन्मल्या, आणि २०२४ पासून अख्ख्या जिल्ह्याला त्यांचं नाव आहे. आख्यायिका अशी की फंदींची लावणी ऐकून अहिल्याबाईंनी त्यांना सुनावलं, एवढी वाणी देवानं दिली ती यासाठी का, आणि फंदींनी तिथेच डफ फोडला. पुढे ते कीर्तनाकडे वळले. लहानपणी ही गोष्ट आम्हाला सुधारलेल्या माणसाची गोष्ट म्हणून सांगितली जायची. आता मला त्यातली बाई जास्त दिसते. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात नवरा गेला तेव्हा त्या अठ्ठावीस वर्षांच्या होत्या. मोहिमेवर गेलेल्या पुरुषाची वाट बघणं म्हणजे काय, हे त्यांना कुठल्या शाहिरानं सांगायची गरज नव्हती. ती लावणी त्यांना हलकी वाटली, की सहन झाली नाही, हा विचार मला सोडत नाही.

फुटलेल्या डफाचं पुढे काय झालं, हे गोष्टीत कधीच येत नाही.

तुणतुणं. एक तार, एक लाकडी नळकांडं, तळाला चामडं. झिलकऱ्याच्या काखेत. मुख्य गाणाऱ्याचा दम संपतो तिथे झिलकरी सूर उचलून धरतो. गाण्यातली बाई एकटी असते. तिच्या मागे दोन माणसं हे वाद्य घेऊन उभी असतात. टँगोवाल्यांचं बँडोनियन जर्मनीतून बोटीनं गेलं, आमची पेटीही युरोपातूनच आली. तुणतुणं मात्र इथलंच. आता फडाच्या मागे कीबोर्ड असतो, आणि त्याला काखेत कुणी घेत नाही.

नाच्याचं लुगडं. टँगोत पुरुष लिहितो आणि पुरुषच रडतो. आमच्याकडे पुरुषानं लिहिलं आणि रडायला बाईला लावलं. शाहीर पुरुष, श्रोते पुरुष, आणि बाईच्या तोंडची तगमग गायची ती लुगडं नेसलेल्या नाच्या पोऱ्यानं. विरहिणी सगळ्यांना हवी होती, फक्त तिच्या जागी खरी बाई नव्हती.

ती जागा घेतली पवळानं. संगमनेर तालुक्यातल्या हिवरगाव पावश्याची पवळा. महार समाजातली. आईबापांनी खंडोबाला मुरळी म्हणून वाहिलेली, असं सांगतात. तमाशाच्या बोर्डावर उभी राहिलेली पहिली बाई म्हणून तिचं नाव घेतात, आणि नावाआधी 'नामचंद' लावतात. तिच्यासाठी लिहिणारा होता श्रीधर कृष्णाजी कुलकर्णी, रेठरे हरणाक्षचा ब्राह्मण, जो घरदार आणि जात मागे टाकून फडात शिरला आणि पठ्ठे बापूराव झाला. दोघांनी मुंबई गाजवली. मग दोघं वेगळी झाली. बापूराव १९४५ साली गेले, उतारवयात हलाखीत. पवळा मुंबई सोडून आपल्या गावी परतली होती, असं सांगतात.

बापूरावांवर पुस्तकं आहेत, १९५० सालचा सिनेमा आहे. लावणीच्या शेवटच्या कडव्यात शाहिराचं नाव गुंफलेलं असतं, त्यामुळे लिहिणारा टिकतो. म्हणणारीचं नाव कडव्यात येत नाही. पवळानं ते शब्द रात्रीमागून रात्री म्हटले: दुसऱ्यानं लिहिलेली आपली तगमग, शिट्ट्यांच्या समोर, जातीच्या बाहेर, घराच्या बाहेर. ज्या गावात ती देवाला वाहिली गेली तिथून ती पळाली असेल, तर पळून कुठे पोचली, हे मी अनेकदा मनाशी विचारते. बोर्डावर उभं राहून प्रेमाची वाट बघणारी बाई रंगवायची, आणि खाली उतरलं की विहिरीवर पाणी दुसऱ्यानं वाढायचं, तो काळ होता.

मनिऑर्डरचं कूपन. हे माझ्या घरचं आहे, म्हणून थोडं जास्त लिहिते.

मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक पट्टी असायची, मजकुरासाठी. पोस्टमन पैसे मोजून द्यायचा आणि ती पट्टी फाडून हातात ठेवायचा. आजोबा मुंबईला गिरणीत. पारनेर, अकोले, संगमनेर, गावोगावचे असे पुरुष मुंबईत, गाळ्याच्या खोलीत पाळीपाळीनं झोपणारे. दर महिन्याला पैसे, आणि दर महिन्याला पट्टी. मजकूर ठरलेला. खुशाल आहे, पोहोच कळवणे, बैलाला पेंड घालणे. आजीला वाचता येत नव्हतं. पोस्टमन ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचा, म्हणजे सासू, दीर, शेजारी, सगळ्यांसमोर. त्या पट्टीवर आणखी काय लिहिणार!

तिनं सगळ्या पट्ट्या ठेवल्या. पानाच्या जुन्या पितळी डब्यात, दोऱ्यानं बांधून. अक्षर येत नसलं तरी तिला त्या ओळखू यायच्या, शाईवरून. जांभळी शाई म्हणजे दुसऱ्या कुणाकडून लिहवून घेतलेली. निळी म्हणजे त्यांनी स्वतः. निळ्या पट्ट्या वर.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. डब्यातली शेवटची पट्टी त्याच्या आदल्या महिन्यातली आहे. निळी.

माझी मैना. अण्णा भाऊ साठ्यांची छक्कड. वाटेगावचा माणूस मुंबईत आला, गिरणीत राबला, आणि मुंबईतून गावाकडच्या बाईची आठवण काढणारं गाणं त्यानं लिहिलं. पुढे ती आठवण संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात जाऊन मिळते. लावणीच्या घरात पुरुष स्वतःच्या आवाजात असा हळवा झालेला मला फार कमी भेटला. आजोबा बोलायचे कमी, पण ही छक्कड लागली की रेडिओजवळ सरकायचे. लालबागच्या हनुमान थिएटरात गिरणीवाले तमाशा बघायला जमायचे, हे त्यांच्याकडूनच कळलं. ते थिएटरही गिरण्यांमागोमाग तमाशाला मुकलं.

माळवद. मुलींना तमाशाला जायची बंदी. जत्रेच्या रात्री आम्ही माळवदावर गोधड्या टाकून पडायचो आणि ऐकायचो. त्यामुळे तमाशा मला आधी कानांनी कळला. पहिली ढोलकी, मग हलगी, कडं, मग गण. गवळणीत मावशीचा आवाज आला की खाली पुरुषांचं हसू उसळायचं, वाऱ्याबरोबर वर यायचं. मग लावणी. एखादी संथ, विरहाची असली की सगळं गाव गप्प व्हायचं. तेवढ्या वेळात खालच्या ओसरीतून आईच्या बांगड्यांचा आवाज यायचा. तीही जागीच असायची.

आता स्लॅब आहेत. वर टाकी आणि सोलर.

दौलतजादा. गाणं मधेच थांबायचं. कुणीतरी नोट पुढे केलेली असायची. मग माइकवरून नाव: गाव, पूर्ण नाव, रक्कम, मंडळ आभारी आहे. पुन्हा गाणं. सुशिक्षित लोकांना याचा राग येतो, गाण्याचा रसभंग होतो म्हणतात. मलाही तसंच वाटायचं, एका रात्रीपर्यंत. आमच्याकडे एक सालगडी होता. दिवसभर कुणापुढे मान वर करायचा नाही. त्याला लोक अर्ध्या नावानंच हाक मारायचे. त्या रात्री माळवदावर आम्ही त्याचं नाव ऐकलं. पूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट. दोन रुपये. कर्ण्यातून शिवारभर घुमलं. आम्हाला त्याचं आडनाव तेव्हा कळलं.

सकाळी तो नेहमीसारखा शेण काढत होता.

राहुटी. गुढीपाडव्याच्या सुमाराला नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात. ते पुणे जिल्ह्यात, पण आमच्या हद्दीला लागून. गावोगावची पंच मंडळी तिथे जाऊन सुपारी देतात, तारीख ठरवतात. २०२० आणि २०२१, लागोपाठ दोन हंगाम जत्राच भरल्या नाहीत. ढोलकीवाले मजुरीला गेले.

वगाची पहाट. वग रात्री उशिरा सुरू व्हायचा आणि कोंबडं आरवेपर्यंत चालायचा. राजा, प्रधान, दरोडेखोर, फसवलेली राणी. खाली मातीत बसलेल्या माणसाच्या विहिरीला पाणी नसायचं, सोसायटीचं कर्ज डोक्यावर असायचं, आणि तो चार तास दुसऱ्याच्या राज्यात राहायचा. शेवटी ताटातूट झालेली माणसं भेटायची. ती भेट पहाटे व्हायला हवी, उजाडायच्या बेतात, हे फडाला बरोबर माहीत होतं.

ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. रात्री दहानंतर कर्णे बंद. नियम चुकीचा नाही. म्हातारी, आजारी माणसं असतात, परीक्षा असतात. पण त्यानं वग मारला. दहाच्या आत गण, गवळण, चार-पाच सिनेमाची गाणी, की संपलं. माणसं भेटायच्या आत मांडव आवरायला घेतात.

हजेरी. हीच मला डोळ्यांनी दिसली. रात्रीच्या खेळानंतर दुसऱ्या दिवशी देवळासमोर फडानं हजेरी द्यायची. उन्हात, दिव्यांशिवाय. तिथे बायका-मुली लांबून उभ्या राहायच्या. रात्री जिच्या आवाजानं गाव गप्प झालं होतं ती बाई मी पहिल्यांदा अशी पाहिली. जागरणानं सुजलेले डोळे, कानामागे राहिलेली पावडर, टाचेला भेग. घुंगरांच्या पट्ट्याखाली कापडाची चिंधी गुंडाळलेली, कातडी सोलू नये म्हणून. तिचं तान्हं एका म्हाताऱ्या बाईच्या मांडीवर. गाणं तेच, रात्रीचं. तान्हं रडलं तेव्हा ती ओळ म्हणतच त्याच्याकडे बघून हसली, आणि पुन्हा लोकांकडे वळून चेहरा विरहाचा केला. आईनं माझा हात धरला होता. तो जरा घट्ट झाला एवढं आठवतं.

तमाशातल्या कांताबाई सातारकर संगमनेरच्या झाल्या त्या शेवटपर्यंत. पुरुषांच्या भूमिकाही गाजवल्या. जोडीदार तुकाराम खेडकर १९६४ साली गेल्यावर मुलं पदरात घेऊन पुढे स्वतःचा फड उभा केला. खऱ्या आयुष्यात विरह आला की बाईला त्याची लावणी करता येत नाही, तंबूचे बांबू मोजावे लागतात. मे २०२१ मध्ये करोनानं त्या गेल्या. जत्रांचा तो दुसरा बंद हंगाम होता.

पानाचं तबक. बैठकीच्या लावणीचं सामान. सतरंजी, तबला-पेटी, समोर तबक, आणि बसून गाणारी बाई. पायांना काम नाही. सगळं भुवईत, बोटांत, पदराच्या काठात. ओळ एकच. ती आधी रुसून म्हणायची, मग आर्जवानं, मग हरल्यासारखी, मग काहीच उरलं नाही अशी. गुलाबबाई संगमनेरकर या अदाकारीतल्या मोठ्या बाई. २०२२ साली गेल्या. ओळीचे असे पदर उलगडायला ऐकणाऱ्याकडे वेळ लागतो. जामखेडची कला केंद्रं आजही आहेत, संगीत बारी तिथे चालते, पण फर्माईश सिनेमातल्या गाण्याची येते. विरहाच्या जुन्या लावण्या तिथल्या वयस्क बायांच्या गळ्यात आहेत, आणि त्या आता मागून म्हणतात, नाचणाऱ्या मुलींना साथ म्हणून.

तिथे 'मालक' हा शब्द आहे. एखादीला ठेवणारा पुरुष. तो येतो, वर्षं काढतो, मुलं होतात, आणि एक दिवस यायचा थांबतो. निरोप वगैरे नसतो. वाट बघायची की दुसऱ्या दिवशी मेकअप करून बसायचं, हा प्रश्न तिला पडायला वेळ नसतो. संध्याकाळी बारी असते.

कॅसेटी. मढीच्या जत्रेत ढिगानं मिळायच्या. वगाच्या दोन-दोन, तीन-तीन भागांच्या. आमच्याकडे एका वगाचा फक्त दुसरा भाग होता. राणी वनात कशी गेली हे आम्हाला कधी कळलं नाही, ती परत आलेली तेवढी ऐकली.

कोयता. हे सामान अजून जुनं झालेलं नाही, म्हणून यादीत घ्यावं की नाही असं वाटत होतं. दसरा-दिवाळीला, फड बाहेर पडतात त्याच सुमाराला, पाथर्डी, शेवगाव, जामखेडची माणसं उसाला निघतात. प्रवरेकाठी लोणीला १९५० मध्ये सहकारी कारखाना उभा राहिला, मग जिल्ह्यात एकामागून एक. पाणी जिथे होतं तिथे ऊस, आणि तोडायला माणसं जिथे पाणी नव्हतं तिथली. मुकादमाची उचल घेतलेली असते. नवरा-बायको मिळून एक कोयता. म्हणजे जुन्या लावणीतली ताटातूट इथे होत नाही. दोघं उसाच्या एकाच फडात, एकाच कोपीत. मागे राहतात म्हातारी माणसं आणि पोरं. आईची वाट बघणारं पोर, लेकाची वाट बघणारी आई, यांच्यासाठी शाहिरांनी फारसं काही करून ठेवलेलं नाही. ओव्या होत्या, पण जातं नाही.

गेल्या पौषात पाथर्डीकडच्या एका वाडीत गेले होते. निम्म्या घरांना कुलुपं. एका ओट्यावर आजी आणि सात-आठ वर्षांचा नातू. नातवाच्या हातात फोन, त्यावर त्याच्या बापानं पाठवलेला आवाज. पाऊण मिनिटाचा. मागं ट्रॅक्टरची घरघर, कुणीतरी कुणाला तरी हाका मारतंय, आणि मधे बापाचं बोलणं: खुशाल आहे, शाळेत जा, आजीला गोळ्या घ्यायला सांग. माझ्या आजीच्या पट्ट्यांवर होतं त्याच्याहून वेगळं काही नाही.

आवाज संपला. आजीचा कान फोनजवळच होता.

"संपलं, आजे."

"लाव परत."

त्यानं लावलं. ती मजकूर ऐकत नव्हती, तो तिला पाठ होता. शेवटी, फोन बंद करायच्या आधी, तो एक खोल श्वास घेतो. तिथे तिनं नातवाच्या मनगटावर हात ठेवला.

"हां. आता हितनं लाव."